गार्सँचा भ्याडपणा: याला 'घातक दोष' म्हणायचं का?

मधला_पडदा

नमस्कार मंडळी. आमचा हौशी गट फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ सार्त्रचं 'नो एक्झिट' बसवतोय आणि मी गार्सँ करतोय. तालमींना पाच आठवडे झाले. वाक्यं पाठ आहेत, ब्लॉकिंग (रंगमंचावरच्या जागा-हालचाली) पक्कं आहे. पण एका जागी मी रोज अडखळतो. ही अडचण अभिनयाची कमी आणि अर्थाची जास्त आहे असं वाटतं, म्हणून इथे विचारतोय.

ज्यांनी नाटक वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन मेलेली माणसं एका दिवाणखान्यात आणून सोडली जातात. तीन कोच, एक ब्राँझचा पुतळा, कागद कापायची सुरी आहे पण कापायला पुस्तक नाही, घंटा आहे पण ती वाजेलच असं नाही. आरसा नाही, खिडकी नाही, दिवा मालवता येत नाही. आत आणून सोडणाऱ्या नोकराच्या पापण्या लवत नाहीत. गार्सँ हा रिओचा पत्रकार, युद्धविरोधी वृत्तपत्र चालवणारा. युद्ध सुरू झाल्यावर तो मेक्सिकोला जाणाऱ्या गाडीत बसला, सीमेवर पकडला गेला आणि बारा गोळ्या घालून त्याला मारलं. बाकीच्या दोघी म्हणजे इनेझ आणि एस्तेल.

आमच्या दिग्दर्शिकेचं म्हणणं स्पष्ट आहे. ऑथेल्लोला मत्सर, मॅकबेथला महत्त्वाकांक्षा, तसा गार्सँला भ्याडपणा. हाच त्याचा घातक दोष, आणि पहिल्या एंट्रीपासून प्रेक्षकांना त्याचा वास आला पाहिजे. म्हणजे मी खांदे पाडून आत यायचं, नजर चोरायची, कोचाच्या कडेला टेकायचं. मी आठवडाभर तसं केलं. झालं असं की शेवटच्या वीस मिनिटांत माझ्याकडे करण्यासारखं काही उरतच नाही. जो माणूस आल्या आल्या भेकड दिसतो, त्याने "मी भेकड आहे का?" हा प्रश्न जिवाच्या आकांताने विचारावा तरी का?

संहितेत तर तो नेमका उलटा वागतो. आत येतो, फर्निचर न्याहाळतो, छळाची हत्यारं कुठे आहेत अशी चौकशी करतो. परिस्थितीकडे तोंड करून बघायचंय, असं सांगतो. हा माणूस शेपूट घालून आलेला नाही.

आणि दुसरी गोष्ट. घातक म्हणजे जो घात करतो तो. पण गार्सँ पडदा उघडायच्या आधीच मेलाय. मग या दोषाने रंगमंचावर नक्की कशाचा घात होतो?

माझा प्रश्न एवढाच: अस्तित्ववादी नाटकात, म्हणजे माणूस आपल्या कृतींनीच घडतो असं मानणाऱ्या नाटकात, भ्याडपणा हा पात्राचा घातक दोष असू शकतो का? आणि नसेल तर मी साकारायचं तरी काय?

शब्दवेध

प्रश्न आवडला. आधी 'घातक दोष' या शब्दाचंच बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या 13व्या प्रकरणात शब्द वापरलाय तो 'हॅमार्शिया'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. बाण सोडला आणि तो लक्ष्याला लागला नाही, तशी चूक. नायक दुष्ट नसतो, पण त्याच्या हातून मोठा प्रमाद घडतो आणि तो कोसळतो. ही चूक म्हणजे स्वभावातली खोट, हे वळण पुढच्या टीकाकारांनी दिलं. शाळा-कॉलेजात आपण तेच शिकलो. त्यामुळे नायकाच्या आत एक कीड आहे आणि ती पाच अंकांत त्याला पोखरून टाकते, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

सार्त्रला ही कीड मान्यच नाही. 29 ऑक्टोबर 1945 रोजी त्याने पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं, अस्तित्ववाद हा मानवतावाद कसा आहे ते सांगणारं. त्यात भेकडाबद्दल तो सविस्तर बोलतो. त्याच्या लेखनातली माणसं भेकड आणि दुबळी असतात अशी तक्रार तेव्हाही होतीच. त्यावर त्याचं म्हणणं असं: ही माणसं रक्तामुळे किंवा परिस्थितीमुळे अशी झाली असं मी कादंबरीकार झोलासारखं दाखवलं असतं, तर लोक निवांत झाले असते. "काय करणार, मी आहेच असा" म्हणायला मोकळे! पण भेकडाचं काळीज भेकड नसतं, फुप्फुसं भेकड नसतात, मेंदू भेकड नसतो. तो आपल्या कृतींनी भेकड होतो. आणि म्हणूनच त्याला भेकड न राहण्याचीही वाट उरते.

आता हे डोक्यात ठेवून तुमची संहिता पुन्हा काढा. एस्तेल गार्सँची समजूत घालते ती जागा बघा. तुझी हनुवटी भेकडाची नाही, तोंड भेकडाचं नाही, आवाज नाही, केससुद्धा नाहीत, असं ती म्हणते. भेकडपणा शरीरात शोधायचा, तिथे तो सापडला नाही की "तू भेकड नाहीस" असा निर्वाळा द्यायचा. व्याख्यानात खोडून काढलेला विचार तो हाच, आणि नाटक व्याख्यानाच्या दीड वर्ष आधीचं, मे 1944 चं. केस बघून दिलेला हा निर्वाळा गार्सँला फार वेळ पुरत नाही.

तुमच्या दिग्दर्शिकाबाई पडलेल्या खांद्यांतून भ्याडपणा दाखवू बघतात, म्हणजे त्या एस्तेलच्याच बाजूने उभ्या राहतात. शरीरात दिसेल असा भ्याडपणा सार्त्रने लिहिलेलाच नाही.

तेव्हा माझं उत्तर: स्वभावदोष म्हणून नाही. कृती म्हणून, एक चुकलेला बाण म्हणून, होय. तो बाण म्हणजे ती आगगाडी.

काळी_खिडकी

शब्दवेध, मांडणी छान आहे, पण तिच्या आधाराने गार्सँला फार लवकर सोडून देताय.

मी हे नाटक दोनदा पाहिलंय, अनेकदा वाचलंय, आणि दर वेळी मला एकाच गोष्टीचा राग येतो. तो काय कबूल करतो आणि काय दडवतो ते बघा. आपण बायकोला छळलं हे तो आपणहून सांगतो. रात्री दारू पिऊन घरी यायचो, दुसरी बाई घरात आणून ठेवली, बायको वरच्या मजल्यावर सगळं ऐकत असायची आणि सकाळी दोघांना कॉफी तीच आणून द्यायची. हे सांगताना त्याची जीभ अडत नाही. त्यात एक प्रकारची ऐट आहे. क्रूर असणं त्याला चालतं. क्रूर पुरुष हा शेवटी पुरुषच, असं त्याचं गणित. आगगाडीची गोष्ट मात्र आतड्याला पीळ पडल्याशिवाय बाहेर येत नाही.

एका माणसाने दुसऱ्या माणसाची अख्खी जिंदगी नासवली. तिच्याबद्दल तो एकदाही "माझं चुकलं का?" असं तळमळून विचारत नाही. त्याची सगळी तळमळ ऑफिसातला गोमेझ आपल्याबद्दल काय म्हणतोय यासाठी. मग मला सांगा, हा भ्याडपणा नाही तर काय? पळून जाणं ही एक गोष्ट. पण ज्या गुन्ह्यात आपली शान राहते तेवढाच पुढे करायचा आणि लाज आणणारा पोटात ठेवायचा, हा त्याहून खोल भ्याडपणा आहे. तो एका कृतीपुरता नाही. लग्नात आहे, बोलण्यात आहे, मेल्यानंतरही आहे. याला दोष म्हणायचं नसेल तर तो शब्द ठेवायचा कशासाठी?

आणि आणखी एक. आत आल्या आल्या इनेझ त्याला काय समजते? छळ करणारा, जल्लाद. का, तर जल्लादांच्या चेहऱ्यावर भीती असते म्हणून. अजून तिला त्याचं नावही माहीत नाही. नंतर ती त्याच्या सतत हलणाऱ्या तोंडावरून त्याला टोकते आणि तो हाताने चेहरा झाकतो. तेव्हा शरीरात काहीच नाही हे मला पटत नाही. खांदे नका पाडू, पण ते तोंड विसरू नका.

मधला_पडदा

दोघांचेही आभार. काळी_खिडकी, कबुलीजबाबांच्या क्रमाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. कॉफीचं वाक्य मी आजवर खाली मान घालून म्हणत होतो. उद्या ताठ मानेने म्हणून बघतो.

पण मी अडतो ती जागा अजून सांगितलीच नाही. नाटकातली नव्हे, माझी.

गार्सँ सांगतो की मी कोठडीत रात्रंदिवस येरझाऱ्या घालत होतो, स्वतःला तपासत होतो. गाडीत बसलो त्यामागची कारणं खरी होती का? मी खरंच युद्धाविरुद्ध बोलायला चाललो होतो, की फक्त पळत होतो? मग तो एस्तेलला विचारतो, हीच खरी कारणं होती का? इथे माझा आवाज बसतो. रोज.

कारण असं. सोळा वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या गटात बॅकस्टेज करायचो. प्रयोगाआधी मागच्या उंच लेव्हलचे (चौथऱ्याचे) बोल्ट आवळायचं काम माझं होतं. एक बोल्ट राहिला. दुसऱ्या प्रवेशात लेव्हल कलली, वरची मुलगी घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. थोडक्यात निभावलं. प्रयोग संपल्यावर विंगेत सगळ्यांना उभं केलं आणि "मागे कोण होतं?" असा सवाल झाला. माझ्याबरोबर एक नवा मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "मी होतो." ते खरंच होतं, तो मागेच उभा होता. बोल्ट माझे होते, हे त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. माझ्या उजव्या हातात तो पान्हा होता. तो मी हळूच पँटच्या मागच्या खिशात सरकवला. थंड होता, कमरेला लागत होता. तो मुलगा पुन्हा तालमीला आला नाही.

आणि त्या रात्रीच माझी कारणं तयार होती. मी बोललो असतो तर पुढच्या प्रयोगांचं काय झालं असतं? दिग्दर्शक तेव्हा तापलेला होता, नंतर शांतपणे सांगू. मुलगा नवा आहे, त्याला कोण धरून ठेवणार? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

तेव्हा मी हे विचारतोय ते नुसतं भूमिकेसाठी नाही. काळी_खिडकी म्हणतात तसा हा माझ्यात मुरलेला दोष आहे, की शब्दवेध म्हणतात तसा एक चुकलेला बाण?

अनवट

मधला_पडदा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. उत्तर लांबेल, वाचून घ्या.

मला वाटतं शब्दवेध आणि काळी_खिडकी दोघेही बरोबर आहेत, आणि दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटली: वेळ.

आपल्याकडचा विराटपुत्र उत्तर घ्या. राजवाड्यातल्या स्त्रियांसमोर फुशारक्या मारतो, चांगला सारथी मिळाला तर कौरवांना एकटा लोळवीन म्हणतो. बृहन्नडा रथ हाकते, समोर सेना दिसते आणि याचं अवसान गळतं. रथातून उडी टाकून धूम ठोकतो. अर्जुनाला त्याच्या मागे पळत जाऊन त्याला धरून आणावं लागतं. भेकडाचं इतकं उघडंवाघडं चित्र दुसरं सापडणार नाही. कथा तिथेच संपली असती तर 'उत्तर' म्हणजे भेकड, विषय संपला. पण महाभारत पुढे चालत राहतं. तो अर्जुनाचा सारथी होऊन त्याच सेनेपुढे जातो. आणि कुरुक्षेत्रावर, पहिल्याच दिवशी, हत्तीवर बसून शल्यावर चाल करतो आणि मारला जातो. पळाला तोही उत्तरच आणि मेला तोही उत्तरच. यातला कुठला खरा, हा प्रश्न व्यास विचारत बसत नाहीत.

गार्सँला हा पुढचा अध्याय मिळत नाही. आणि बंदुकांसमोर आपण कसे मेलो, याबद्दल तो काय सांगतो ते आठवा: वाईट. म्हणजे शरीराने दगा दिला. त्याची त्याला लाज नाही, असंही तो म्हणतो. त्याला जाळतं ते हे, की आता सगळं कायमचं लटकत राहिलं. गाडीत बसण्याचा अर्थ पुढच्या कृतीने ठरला असता. मेक्सिकोत उतरून त्याने खरंच युद्धाविरुद्ध वृत्तपत्र काढलं असतं, तर तीच गाडी पळून जाण्याची न राहता निर्धाराची ठरली असती. तो प्रवास अर्ध्यात तुटला. इनेझ त्याला तेच ऐकवते. माणूस नेहमी लवकर तरी मरतो, नाहीतर उशिरा तरी. आयुष्य संपलं, खाली रेघ ओढली, बेरीज करून मोकळा हो.

सार्त्रने 1965 मध्ये या नाटकाच्या ध्वनिमुद्रणासाठी काही शब्द सांगितले, त्यात हे उघडच आहे. ही पात्रं मेलेली का? कारण ती जिवंतपणीच मेलेल्यांसारखी जगणाऱ्या, सवयींत आणि लोकांच्या मतांत थिजून गेलेल्या माणसांसाठी उभी आहेत. मेलेला भेकड असेल तर तो भेकडच राहणार, त्यात आता बदल नाही. आपण जिवंत आहोत म्हणून एका कृतीवर दुसरी कृती करू शकतो. 'नरक म्हणजे इतर माणसं' हे नाटकातलं वाक्य लोकांनी सगळ्या नात्यांवर चिकटवलं, ते चुकीचं आहे, हेही त्याने तिथेच सांगितलं.

तुलनेला त्याचंच 1946 चं 'मॉर सां सेप्युल्त्यूर' घ्या, थडग्याविना मेलेल्यांची गोष्ट. नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतली माणसं मिलिशियाच्या, म्हणजे नाझींना साथ देणाऱ्या फ्रेंच दलाच्या, हाती सापडली आहेत. त्यांतला सॉर्बिए छळ सहन न होऊन ओरडतो, आणि परत आल्यावर साथीदारांना सांगतो की मला काही माहीत असतं तर मी बोललो असतो. तो स्वतःच स्वतःला भेकड ठरवून बसलाय. पुढे त्यांचा म्होरक्या कुठे आहे ते खरंच कळतं, म्हणजे आता बोलण्यासारखं काही आहे. पुन्हा नेतात तेव्हा तो खिडकी गाठतो, मी बोललो नाही असं साथीदारांना ओरडून सांगतो आणि उडी टाकतो. अत्यंत भयंकर जागा आहे, आणि हे धैर्य असंच असावं असं मी म्हणत नाही. पण नाटककार काय करतोय बघा. 'मी भेकड आहे' हा निकाल सॉर्बिएच्या मनात आधीच लागलेला आहे, आणि तरीही पुढची कृती त्या निकालाला बांधलेली नाही. दोष घातक असता तर तो बोललाच असता.

आणखी एक पात्र मला फार जवळचं वाटतं. फ्रेंच लेखक काम्यूच्या 1949 च्या 'ले ज्युस्त'मधला (न्यायी माणसं) व्हॉइनोव्ह. 1905 च्या मॉस्कोतल्या ग्रँड ड्यूकच्या हत्येवर बेतलेलं नाटक. पहिल्या प्रयत्नाला बग्गीत मुलं दिसतात म्हणून कालियायेव्ह बॉम्ब टाकत नाही. कटातला दुसरा माणूस व्हॉइनोव्ह. दुसऱ्या प्रयत्नाआधी तो म्होरक्याकडे येतो आणि सांगतो, मला भीती वाटते, आणि भीती वाटते याची लाज वाटते. तो संघटनेतच राहतो, पण बॉम्बचं काम सोडतो. म्होरक्या त्याच्यावर थुंकत नाही, निरोप देतो. भीतीची इतकी सरळ कबुली मी नाटकात क्वचित वाचली आहे. सगळं आयुष्य पोखरलं जावं असं तिथे काहीच होत नाही, कारण त्याने दाखवायचा गुन्हा आणि दडवायचा गुन्हा असे दोन ढीग केलेले नाहीत. काळी_खिडकी, तुमचा मुद्दा मला इथे सर्वांत जास्त पटला.

म्हणून माझं मत: गार्सँचा घात भ्याडपणाने होत नाही. होतो तो निकाल दुसऱ्याच्या तोंडून मागण्याने. 'ह्वी क्लो' हे मूळ फ्रेंच नाव कोर्टातलं आहे, बंद दारामागची सुनावणी. त्याला न्यायाधीश हवाय. एस्तेलने निर्दोष म्हटलं तर चालत नाही, कारण तिला फक्त एक पुरुष हवाय, तो भेकड असला तरी तिला फरक पडत नाही. म्हणून तो इनेझकडे वळतो, कारण भेकडपणा म्हणजे काय हे तिला कळतं. आणि ती कधीच निर्दोष म्हणणार नाही.

तुम्हाला दोष की बाण ते मी सांगणार नाही. माझ्याकडून ऐकलंत तर मी इनेझ होईन.

शब्दवेध

अनवट, +१. उत्तराची आठवण तर फारच नेमकी. वेळेचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता.

काळी_खिडकी, तोंडाच्या हालचालीबद्दल तुम्ही बरोबर आहात, माझं विधान जास्त सरसकट झालं. फक्त एक भर घालतो: ती हालचाल गार्सँला स्वतःला दिसत नाही, कारण आरसा नाही. ती इनेझला दिसते. म्हणजे त्याची भीती रंगमंचावर आधी दुसऱ्याच्या डोळ्यात जन्म घेते.

काळी_खिडकी

मधला_पडदा, तुमची पान्ह्याची गोष्ट वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. मत बदललेलं नाही, पण तुमच्याबाबत एक फरक सांगते. तुम्ही इथे कुठली शान राखणारी चूक पुढे करून ही मागे ठेवली नाहीत. सरळ पान्ह्यापाशी आलात.

आता दाराची जागा. तुम्ही विचारलंत साकारायचं काय, म्हणून प्रेक्षक म्हणून सांगते. गार्सँ दार बडवतो, शिसं ओता, चिमटे लावा, काय हवं ते करा पण हा डोक्यातला छळ नको, असं ओरडतो. आणि दार उघडतं. तो पडता पडता वाचतो. मी पाहिलेल्या एका प्रयोगात नटाने उघड्या दाराकडे बघून भीती दाखवली होती, बाहेरच्या अंधाराची भीती. टाळ्या पडल्या, पण मला ते खोटं वाटलं. बाहेर काय आहे याचं त्याला काही पडलेलं नाही. दुसऱ्या प्रयोगातला नट दाराकडे बघतच नव्हता. त्याचे हात अजून दार ठोठावायच्या उंचीवर हवेतच होते, मुठी वळलेल्या, आणि मान हळूहळू मागे इनेझकडे वळत होती. त्याला बाहेर जाता येत होतं. तिच्या डोक्यात 'भेकड' हा शब्द तसाच सोडून जाणं त्याला जमत नव्हतं. प्रेक्षागृहात कोणी खोकलंही नाही.

मधला_पडदा

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय.

तालमीचं आधी सांगतो. दिग्दर्शिकेला हा धागा वाचायला दिला. तिने एंट्री बदलली. आता मी सरळ चालत येतो, पुतळ्याला हात लावून बघतो, नोकराला ताठपणे प्रश्न विचारतो. खांदे आपोआप वर आले आणि इनेझ करणारी मैत्रीण म्हणाली की आता तुझ्यावर तुटून पडायला मजा येते, आधी पडलेल्यालाच लाथ मारल्यासारखं वाटायचं. तोंडाची हालचाल मी मुद्दाम करत नाही. पण तिने ती बघितल्यासारखं केलं की माझा हात खरंच चेहऱ्याकडे जातो. कॉफीचं वाक्य ताठ मानेने म्हटलं तेव्हा एस्तेल करणारी मुलगी दचकली आणि पुढचं वाक्य विसरली. ते तसंच ठेवायचं ठरलंय, म्हणजे तिचा तो पॉज.

अनवट, तुम्ही निकाल दिला नाहीत हे बरं केलंत. पहिल्यांदा वाचून राग आला होता, कारण मला तो हवाच होता.

त्या मुलाचा नंबर एका जुन्या मित्राकडून मिळाला. मुलगा म्हणायचं सवयीने, आता तो पस्तिशीचा आहे. रविवारी सकाळी फोन केला. नाव सांगितल्यावर त्याने ओळखलं. मी बोल्टचं सांगितलं, पान्ह्याचं सांगितलं, इतक्या वर्षांत का बोललो नाही त्याची कारणं मात्र सांगितली नाहीत, ठरवून. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्ही पान्हा खिशात घातलात ते मी बघितलं होतं." मग काही बोललाच नाही आणि मीही बोललो नाही. मागे त्याच्याकडे कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज येत होता. शेवटी त्याने विचारलं, अजून नाटक करता का? मी म्हटलं, करतो. बरं, म्हणाला आणि ठेवून दिला.

माफ केलं का, नाही केलं, मी विचारलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

काल रात्री पहिल्यांदा सलग तालीम झाली. कारणांच्या वाक्यावर आवाज बसला नाही. दारापाशी मी मुठी हवेत ठेवल्या आणि इनेझकडे वळलो. दिग्दर्शिकेने मध्ये थांबवलं नाही. नंतर फक्त प्रकाशयोजना करणाऱ्याला म्हणाली की दारातून येणारा प्रकाश याच्या पाठीवर पाहिजे, चेहऱ्यावर नको. तो पॉज आता अकरा आकड्यांचा आहे, मी मनात मोजतो. तिला तो चौदा हवाय. मला चौदा जड जातात, दहाच्या पुढे इनेझच्या नजरेत नजर ठेवणं अवघड होतं. शनिवारी रंगीत तालीम आहे, तोवर करून बघतो.

काळी_खिडकी, एक विचारायचं राहिलं. तुम्ही पाहिलेल्या त्या दुसऱ्या प्रयोगात नट मुठी कधी खाली घेतो? इनेझ "जा" म्हणते त्याआधी, की नंतर?

काळी_खिडकी

नंतर. आणि एकदम नाही. आधी डावी.